फॅशन पत्रकारितेचा छोटा कोर्स: गोल बाजारात शिकलेले धडे

या मालिकेत आपण शिकण्याच्या छोट्या-छोट्या वाटांबद्दल बोलतो आहोत. आजचा विषय आहे फॅशन पत्रकारिता. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, रायपूर, जिथे जिथे मराठी घरं आहेत तिथून एक प्रश्न हमखास येतो: "मला कपड्यांची आवड आहे, लिहिण्याचीही आहे. दोन-तीन महिन्यांचा कोर्स केला तर काही उपयोग होईल का? की त्यासाठी मुंबईलाच जावं लागेल?"

मी रायपूरला राहते. असा आठ आठवड्यांचा कोर्स मी ऑनलाइन केला. वर्ग शनिवार-रविवारी असायचा, आणि गृहपाठ मधल्या पाच दिवसांत करायचा. तो जवळजवळ सगळा गृहपाठ मी गोल बाजारात केला. कोर्स कुठला ते सांगणार नाही, कारण आजचं बोलणं कुणाची जाहिरात नाही. असल्या कोर्समध्ये शिकवतात काय, त्यातलं टिकतं काय, आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावं, एवढंच सांगायचं आहे.

आधी हे काम समजून घेऊ

फॅशन पत्रकार म्हणजे रॅम्पच्या पहिल्या रांगेत बसलेली, काळा चष्मा घातलेली बाई, असं चित्र सिनेमांनी आपल्या डोक्यात बसवलं आहे. प्रत्यक्षात हे काम बातमीदाराचंच आहे. शेतीचा बातमीदार बाजारभाव विचारतो, कोर्टाचा बातमीदार तारीख विचारतो. तसा हा बातमीदार कापड, शिलाई, किंमत, ते बनवणारा आणि नेसणारा यांच्याबद्दल विचारतो.

हे कामही जुनं आहे. पॅरिसमध्ये १६७२ साली 'मर्क्यूर गलाँ' नावाचं नियतकालिक सुरू झालं. राजदरबारात काय चाललंय, कोण काय घालतंय, हे ते दूरच्या वाचकांना कळवायचं. 'व्होग' न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली निघालं. भारतात 'फेमिना' १९५९ साली आलं, आणि 'व्होग'ची भारतीय आवृत्ती २००७ साली. मराठीत किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू केलं. आपल्याकडे बायकांच्या राहणीमानावर, पेहरावावर गंभीरपणे बोलायची जागा अशा मासिकांनी तयार केली.

या वाटेवरून फार दूर गेलेलं एक मराठी नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तिची सुरुवात कुठे झाली ते थोड्यांना ठाऊक असतं. भानू अथय्या. जन्म कोल्हापूरचा, १९२९चा, माहेरचं आडनाव राजोपाध्ये. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं. भारताचं ते पहिलं ऑस्कर. पण चित्रपटांत येण्याआधी त्या मुंबईत 'ईव्ज वीकली'सारख्या स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढायच्या. पुढे त्याच नियतकालिकाच्या संपादक बाईंनी कपड्यांचं दुकान काढलं आणि भानूताईंना म्हणाल्या, कपडे करून बघ. म्हणजे वाचकासाठी कपडा कागदावर उतरवणं आधी, प्रत्यक्ष कपडा नंतर. कोर्समध्ये हा दाखला आला तेव्हा मला फार धीर आला. नीट पाहणं आणि ते दुसऱ्याला कळेल असं मांडणं हीच या कामाची पहिली पायरी आहे, आणि ती कोणत्याही गावात चढता येते.

रायपूरमध्ये पत्रकारिता? हो, आणि ती मराठी माणसांनीही रुजवलेली

छत्तीसगडबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगते. १९०० सालच्या जानेवारीत 'छत्तीसगड मित्र' हे हिंदी मासिक सुरू झालं. संपादक होते माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिन्ही नावं मराठी आहेत हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मासिक पेंड्र्याहून निघायचं आणि सुरुवातीला छापलं जायचं रायपूरला. ते तीनच वर्षं चाललं, पण हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्याचं नाव पक्कं आहे. रायपूरमधलं लाखे नगर हे त्याच वामनरावांच्या नावाचं.

याचा फॅशनशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. टिळकांच्या 'केसरी'तल्या लेखांच्या आधारे सप्र्यांनी १९०६ साली स्वदेशी आणि बहिष्कारावर हिंदीत पुस्तक लिहिलं. स्वदेशीचा प्रश्न मुख्यतः कापडाचा होता. अंगावरचं धोतर मँचेस्टरचं की इथल्या मागावरचं, हा प्रश्न त्या काळात राजकारणाचा होता, पोटाचा होता, इज्जतीचा होता. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यात बहिष्काराचा ठराव झाला. त्याच तारखेची आठवण म्हणून २०१५पासून ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन पाळतात. तेव्हा कपड्यांवर लिहिणं म्हणजे हलकंफुलकं काम, असं कुणी म्हणालं तर त्यांना ही तारीख सांगा.

पहिला धडा: विशेषणं काढून टाका

आता कोर्सकडे येऊ. पहिल्याच दिवशी बाईंनी आम्हाला काही शब्द बंद केले. सुंदर, आकर्षक, मनमोहक, ट्रेंडी, हटके, एथनिक. हे शब्द न वापरता एका माणसाच्या पेहरावाचं वर्णन शंभर शब्दांत करायचं. करून बघा, घाम फुटतो.

गोल बाजार कुठे आहे ते सांगते. रायपूरच्या जुन्या भागात, जयस्तंभ चौकाजवळ, मालवीय रोडला लागून. पूजेचं सामान, लग्नाचं सामान, बांगड्या, भांडी, मसाले, जडीबुटी, कापड, सगळं अरुंद गल्ल्यांतून मांडलेलं. शेजारीच सदर बाजार, तिथे सोन्या-चांदीच्या पेढ्या. आसपासच्या गावांतून लोक लग्नाच्या खरेदीला इथे येतात. त्यामुळे एकाच गल्लीत तुम्हाला जीन्सवाली कॉलेजची मुलगी, सलवार-कुडत्यातली शिक्षिका आणि घोट्याच्या वर लुगरा नेसलेली आजी शेजारी शेजारी घासाघीस करताना दिसतात. फॅशन शिकायला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार?

'लुगरा' हा शब्द ऐकून तुमचे कान टवकारले असतील. आपलं लुगडं, छत्तीसगडीत लुगरा. आपलं पोलकं, तिथे पोलखा. आपलं गोंदण, तिथे गोदना. मी पहिल्या आठवड्यात जे शंभर शब्द लिहिले त्यात 'पारंपरिक साडी' असं लिहिता आलं असतं. त्याऐवजी 'मरून रंगाचा जाड सुती लुगरा, घोट्याच्या चार बोटं वर, पायात चांदीची पैरी' असं लिहिलं. दुसऱ्या वाक्यातून बाई डोळ्यांसमोर उभी राहते. शिवाय त्या उंचीचं कारणही विचारता येतं. भाताच्या चिखलात काम करणाऱ्या बाईला पायघोळ साडी परवडत नाही. पेहरावाचा आकार कामावरून ठरतो, हे एका वाक्यात वाचकाला कळतं.

दागिन्यांचंही तसंच. गळ्यातला कडक, वाटोळा, चांदीचा सुता, नाण्यांची रुपियामाळ, दंडातली नागमोरी, मनगटातली ऐंठी, कमरेचं करधन. इंग्रजी मासिकांत या सगळ्याला एकच नाव मिळतं: ट्रायबल ज्वेलरी. त्यातून वाचकाला काहीच कळत नाही, आणि ज्यांचे दागिने आहेत त्यांची भाषाही पुसली जाते. म्हणून नियम असा: वस्तूला तिच्या गावात जे नाव आहे ते आधी लिहा, मग दोन शब्दांत ती कशी दिसते ते सांगा.

दुसरा धडा: कापड हातात घ्या

दोन आठवडे फक्त कापड. रायपूरला बसून हा भाग शिकायचा म्हणजे कोसा आलाच. कोसा म्हणजे टसर रेशीम. आपल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर भागातही तो होतो, आणि विदर्भाची करवतकाठी साडी टसरचीच. तुतीच्या रेशमाचा किडा घरात वाढवतात. कोशाचा किडा मात्र उघड्यावर, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. बस्तरच्या सालवनात जंगली कोसा मिळतो, त्याला रैली म्हणतात. कोशाचा नैसर्गिक रंग मधासारखा, फिका तपकिरी. छत्तीसगडात विणकामासाठी चांपा प्रसिद्ध आहे. ते मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं गाव, तिथल्या देवांगन समाजाचे माग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. चांपाच्या रेशमी साडीला भौगोलिक मानांकनही आहे.

आता खरा प्रश्न. दुकानात 'कोसा सिल्क' म्हणून समोर ठेवलेली साडी कोशाची आहे हे बातमीदाराने कसं ठरवायचं? आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या.

एक, धागा जाळून बघणं. पदराच्या दशीतला एखादा धागा दुकानदाराला विचारून घ्यायचा. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. पण लक्षात ठेवा, यातून फक्त रेशीम आहे एवढंच कळतं. ते तुतीचं की टसरचं, हातमागाचं की यंत्रमागाचं, हे कळत नाही.

दोन, खुणा बघणं. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली 'सिल्क मार्क' सुरू झाला, तो शुद्ध रेशमाची हमी देतो. 'हँडलूम मार्क' २००६ साली आला, तो हातमागाची हमी देतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. सिल्क मार्क असलेली साडी यंत्रमागाची असू शकते, आणि हँडलूम मार्क असलेली साडी सुती असू शकते. अर्धे लेख या दोन खुणांची सरमिसळ करतात.

तीन, विणकराला विचारणं. हे सगळ्यांत भरवशाचं आणि सगळ्यांत वेळखाऊ. त्यातूनच चांगल्या बातम्या निघतात. उदाहरणार्थ, कोशाचा धागा काढायचं काम बहुतेक बायका करतात, आणि जुनी पद्धत अशी की कोश उकडून त्याचा तंतू उघड्या मांडीवर वळायचा. कातडी सोलवटते, दुखते, आणि मजुरी तुटपुंजी. गेल्या काही वर्षांत ही पद्धत बंद करून 'बुनियाद' नावाचं धागा काढायचं यंत्र बायकांना द्यायची सरकारी मोहीम झाली. आता सांगा, साडीच्या नव्या रंगांवर लिहिणं मोठी बातमी, की तिच्या धाग्यावर? दोन्हींना जागा आहे. पण दुसरी लिहायला तुम्हाला साडीच्या मागे चालत जावं लागतं.

तिसरा धडा: किंमत उलगडा

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली. तिथे जगभरच्या ब्रँडसाठी कपडे शिवले जात होते. १,१०० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर 'माझे कपडे कुणी शिवले?' हा प्रश्न जगभर विचारला जाऊ लागला. फॅशन पत्रकारितेत हा मोठा बदल झाला. आता किंमत लिहिणं पुरत नाही, ती कशी बनली तेही विचारावं लागतं.

कोर्सचा अभ्यास सोपा होता. एक वस्तू निवडा आणि तिची किंमत सोडवा. समजा, साडी ६,००० रुपयांची आहे. धागा कितीचा? रंगाई कितीची? विणायला किती दिवस, आणि घरातली किती माणसं कामाला? विणकराच्या हातात किती पडले? मधल्या व्यापाऱ्याचं किती, दुकानाचं भाडं किती, कर किती? सगळे आकडे कुणीच देणार नाही. पण विणकर एक आकडा देतो, ठोक व्यापारी दुसरा, दुकानदार तिसरा. ते शेजारी शेजारी मांडले की लेख तयार होतो. आकडा मिळाला नाही तर अंदाज ठोकायचा नाही. 'दुकानदाराने सांगायला नकार दिला' असं लिहायचं. तीही माहितीच असते.

चौथा धडा: ट्रेंड मोजायचा असतो

तीन मैत्रिणींनी एकाच रंगाचा कुडता घातला म्हणजे ट्रेंड होत नाही. आम्हाला गर्दीच्या जागी तासभर बसून पन्नास माणसांची नोंद करायला सांगितलं होतं: वय अंदाजे, पेहराव, पायातलं, पिशवी. हाच अभ्यास सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि लग्नसराईत पुन्हा एकदा. गोल बाजारात बांगड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसून मी हे केलं. यातून कळलं की सकाळचा बाजार गावाकडच्यांचा असतो, संध्याकाळचा शहरातल्यांचा. म्हणजे एकाच जागेबद्दल दोन वेगळे लेख होतील, आणि दोन्ही खरे असतील. कुठल्या वेळी पाहिलं ते लिहिलं नाही तर दोन्ही अर्धवट.

फोटोचंही याच धड्यात आलं. आधी विचारा, मग काढा. म्हातारी बाई हसून मान हलवते ती परवानगीच असते असं नाही. फोटो कुठे छापला जाईल हे तिला तिच्या भाषेत सांगा. नको म्हणाली तर फोन खिशात. दागिन्यांचे फोटो घेताना तर जास्तच जपा. कुणाच्या अंगावर किती चांदी आहे हे गावभर होणं तिच्यासाठी धोक्याचं असू शकतं.

पाचवा धडा, आणि सगळ्यांत अवघड: भेटवस्तू

फॅशनच्या बातमीदाराला लोक प्रेमाने वस्तू देतात. मलाही एका दुकानात कोशाचा स्टोल पुढे केला गेला. "दीदी, रख लो, बस अच्छा लिख देना." देणाऱ्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, आपल्याकडे पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मी चहा घेतला, स्टोल परत दिला, आणि सांगितलं की घेतला तर माझ्या लेखाला किंमत राहणार नाही आणि तुमच्या कौतुकालाही. भैया दोन मिनिटं गप्प झाले. मग म्हणाले, तर मग दुसऱ्या दुकानांचंही लिहाल ना? म्हणजे मुद्दा त्यांना बरोबर कळला होता.

यात आता कायदाही आला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा. त्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सवलत, फुकट प्रवास, काहीही मिळालं असेल तर ते स्पष्ट, सहज दिसेल असं सांगायचं. तुम्ही स्वतःच्या फोनवरून दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकत असाल तरी हे तुम्हाला लागू आहे.

आणि कायद्याच्या पलीकडचा हिशोब बघा. तुमचं ऐकून सोलापूरच्या कुणा काकू मुलीच्या लग्नासाठी सात हजारांची साडी घेतात. ती यंत्रमागावरची पॉलिस्टर निघाली तर काकूंचे पैसे गेले, आणि चांपाच्या ज्या विणकराचा माल खरा होता त्याचंही गिऱ्हाईक गेलं. एका खोट्या वाक्याने दोन घरांचं नुकसान होतं.

आता मूळ प्रश्न: कोर्स करावा का?

छोट्या कोर्समधून काय मिळतं ते स्पष्ट सांगते. शिस्त मिळते, दर आठवड्याला लिहावंच लागतं. तुमचं लिहिलेलं कुणीतरी लाल शाईने खोडतं, ते फार मोलाचं. कापडाची आणि कायद्याची प्राथमिक ओळख होते. संपादकाला लेखाची कल्पना चार ओळींत कशी पाठवायची ते कळतं: विषय काय, आत्ताच का, कुणाशी बोलणार, किती शब्द.

काय मिळत नाही? नोकरीची हमी मिळत नाही. ओळखी थोड्या होतात, पण त्या तुम्हालाच जपाव्या लागतात. आणि मराठीत लिहायला कुणी शिकवत नाही. ते आपल्यालाच करायचं आहे.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. शिकवणारे स्वतः सध्या कुठे लिहितात? माझे किती लेख तपासून, खुणा करून परत मिळतील? प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायचं काम आहे का, की नुसती व्याख्यानं? आणि सोडायचं ठरलं तर पैसे परत मिळतात का, लेखी सांगा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं तर फोन ठेवा. नोकरी 'नक्की' असं कुणी म्हणालं तरीही फोन ठेवा.

लांब शिक्षण हवं असेल तर निफ्टमध्ये फॅशन कम्युनिकेशनचा पूर्ण पदवी अभ्यासक्रम आहे. पत्रकारितेचा पाया हवा असेल तर पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि आमच्या रायपुरात कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता विद्यापीठ आहे. छोटा कोर्स या सगळ्यांची जागा घेत नाही. तो फक्त सांगतो की हे काम तुम्हाला झेपेल का, आवडेल का. तेवढ्यासाठी आठ आठवडे वाजवी आहेत, फी तुमच्या खिशाला वाजवी असेल तर.

पुढच्या भागापर्यंतचा गृहपाठ

कोर्स न करताही आजच सुरू करता येईल असं काम देते. तुमच्या गावातला सगळ्यांत जुना कापडबाजार निवडा. नागपूरचा असो, येवल्याचा असो, बेळगावचा असो. तासभर बसा, पन्नास माणसांची नोंद करा. मग एकच वस्तू निवडा, तिचं स्थानिक नाव विचारून घ्या, आणि ती कुणी बनवली ते किमान एका पायरीपर्यंत मागे जाऊन शोधा. बंद केलेली विशेषणं न वापरता तीनशे शब्द लिहा. लिहून झालं की ज्यांच्याबद्दल लिहिलंत त्यांना वाचून दाखवा. ते म्हणाले, "हो, असंच आहे," तर तुमचा पहिला लेख तयार आहे. ते म्हणाले, "नाही, जरा वेगळं आहे," तर वही उघडा आणि पुढचा प्रश्न विचारा.

पुढच्या भागात बोलू मुलाखत कशी घ्यावी याबद्दल. नमस्कार.